अश्वपरीक्षक झेनोफन

सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशातील अथेन्स नगरीत झेनोफन नावाचा पुरुष होऊन गेला. सॉक्रेटिसाचा शिष्य आणि इतिहासकार म्हणून जग त्यास ओळखते. परंतु घोड्यांची त्याच्याइतकी डोळस पारख असलेले लेखक प्राचीन काळी फार थोडे झाले.

इ. स. पू. ४०१ मध्ये इराणचा राजपुत्र सायरस याने थोरल्या भावाचे सिंहासन बळकावण्यासाठी ग्रीक सैनिक पदरी ठेवले. झेनोफनही त्यांच्यासमवेत गेला. बाबिलोनजवळच्या लढाईत सायरस पडला. पुढे शत्रूने ग्रीक सेनापतींना वाटाघाटीच्या मिषाने बोलावून त्यांचा घात केला. मायदेशापासून शेकडो कोस दूर, परक्या मुलखात सुमारे दहा हजार माणसे निर्नायकी झाली. त्यांनी जे नवे सेनापती निवडले, त्यांत झेनोफन एक होता.

ग्रीकांजवळ आता घोडदळ उरले नव्हते. शत्रूचे स्वार दुरून बाण मारीत आणि पाठलाग होताच दौडत निघून जात. तेव्हा झेनोफनाच्या सूचनेवरून तळावरील ओझी वाहणारे घोडे तपासण्यात आले. चांगले निवडून बाजूला काढले, त्यांची ओझी इतर जनावरांवर लादली आणि दुसऱ्याच दिवशी सुमारे ५० स्वारांचे पथक उभे राहिले. एवढ्याशा पथकाने शत्रूला दूर ठेवण्यास पुष्कळ साहाय्य केले.

आर्मीनियाच्या डोंगरात बर्फात घोडे पोटापर्यंत रुतू लागले. तेथील एका गावच्या मुखियाने त्यांच्या पायांना पिशव्या बांधण्याची युक्ती शिकविली. त्या गावी इराणच्या राजाला खंडणी म्हणून द्यावयाची शिंगरे वाढवीत असत. ती अंगाने इराणी घोड्यांहून लहान, पण अधिक पाणीदार होती. केवळ उंची पाहणाऱ्याने ती नाकारली असती! झेनोफनाने त्यांतील एक स्वतः घेतले आणि काही आपल्या सरदारांना दिली.

इ. स. पू. ३९९ मध्ये, परतीच्या प्रवासास पैसा नसल्यामुळे, लँप्सॅकस येथे त्याला आपला घोडा ५० सुवर्णनाण्यांस विकावा लागला. सैन्याचा पगार घेऊन आलेल्या दोघा स्पार्टन अधिकाऱ्यांना हा घोडा त्याचा आवडता असल्याचे समजले. त्यांनी तो परत विकत घेऊन त्याच्या स्वाधीन केला आणि त्याचे मोल घेण्याचे नाकारले.

पुढे अथेन्सने झेनोफनास हद्दपार केले. ऑलिंपियाजवळ स्पार्टाने दिलेल्या जमिनीवर त्याने अनेक वर्षे घालविली. घोड्यांविषयी त्याने जो ग्रंथ लिहिला, तो तरुण मित्रांसाठी होता. त्याचा पहिलाच विषय असा, की घोडा विकत घेताना आपली फसगत कशी होऊ नये.

ज्या शिंगरावर अजून कोणी बसलेले नाही, त्याचा स्वभाव कळत नाही. म्हणून त्याचे शरीर पाहावे, आणि तेही पायांपासून. बाजारात आपली दृष्टी प्रथम आयाळीवर आणि डौलदार मानेवर जाते. झेनोफन घराचे उदाहरण देतो : पाया कच्चा असेल, तर वरचे मजले सुंदर असून काय उपयोग? खूर जाड हवे. त्यांचा तळ पोकळ असून आतला मऊ भाग जमिनीपासून उंच राहावा. असे खूर कठीण जमिनीवर पडले, की झांजेसारखा नाद उमटतो. ग्रीकांत तेव्हा खुरांना नाल ठोकण्याची रीत नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या या आग्रहाचे मर्म कळते. खूर टणक व्हावेत म्हणून पागेच्या अंगणात चार-पाच गाड्या गोल दगड पसरावेत, असेही तो सुचवितो.

मग तो गुडघे सहज वाकतात का, छाती रुंद आहे का, डोळे बाहेर आलेले आणि नाकपुड्या मोकळ्या आहेत का, हे पाहण्यास सांगतो. शिंगरू पुढे किती उंच होईल, हेही तो पायांच्या नळ्यांवरून ताडतो. कारण उरलेल्या शरीराच्या मानाने त्या फारशा वाढत नाहीत.

घोड्याशी रागाने वागू नये, हा त्याचा कटाक्ष होता. एखाद्या वस्तूला घोडा बुजला, तर स्वाराने स्वतः तिला हात लावून दाखवावा आणि मग त्यास हळूहळू जवळ न्यावे. फटके मारल्यास तो अधिकच भितो, कारण वेदना त्या वस्तूमुळेच होते असे त्यास वाटते.

झेनोफनाचे ग्रिलस आणि डायोडोरस हे दोघे पुत्र अथेन्सच्या बाजूने लढले. इ. स. पू. ३६२ मध्ये मांटिनियाच्या रणात घोडदळात लढताना ग्रिलस पडला. डायोडोरस सुखरूप परत आला.