लॉर्ड केम्स

आमच्याकडील वकिलांस ब्रिटिश न्यायाधीशांचीं नांवें विचारलीं, तर बहुतेक सारे लंडनच्याच न्यायमूर्तींचीं नांवें सांगतील. १७०७ सालीं स्कॉटलंडचें पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटांत विलीन झालें. तथापि त्या राष्ट्रानें आपला कायदा व आपलीं न्यायालयें हातचीं जाऊं दिलीं नाहींत. त्या न्यायालयांतील हेन्री होम, म्हणजेच लॉर्ड केम्स, यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

होम यांचा जन्म १६९६ सालीं बर्विकशायरांत झाला. वडील जमीनदार खरे, परंतु कर्जबाजारी; त्यामुळें मुलाच्या नशिबीं विद्यापीठ नव्हतें. घरीं पंतोजी, मग एडिंबरोस एका कायदेपंडिताच्या कचेरींत उमेदवारी, आणि तेथून स्वतःच्या हिंमतीवर वकिली. १७५२ सालीं ते सेशन कोर्टाचे न्यायाधीश झाले. कायदा हा समाजाच्या इतिहासांतून उपजतो, हें त्यांनीं १७५८ च्या ग्रंथांत दाखविलें; समन्यायाच्या तत्त्वांवर १७६० सालीं निराळा ग्रंथ लिहिला. अॅडम स्मिथ यांचीं एडिंबरो येथील पहिलीं व्याख्यानें घडून आलीं तींही यांच्याच पाठबळानें.

एवढ्या बुद्धिमान् पुरुषाच्या ठायीं एक मोठी विसंगति होती, ती झांकणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. १७७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या मानवेतिहासावरील ग्रंथांत त्यांनीं निरनिराळे मानववंश मुळांतच भिन्न असावेत, असें प्रतिपादन केलें. हें मत खोटें होतें, आणि पुढें गोऱ्यांच्या वर्णगर्वास तें फार उपयोगी पडलें. पण चारच वर्षांनीं जोसेफ नाइट याचा खटला त्यांच्यापुढें आला. जमेकांतून जॉन वेडरबर्न यानें आणलेला हा निग्रो गुलाम स्कॉटलंडांत लग्न करून स्वतंत्र संसार मांडूं इच्छीत होता. पर्थच्या मॅजिस्ट्रेटांनीं धन्याची बाजू घेतली, शेरिफानें नाइटची. अखेर १७७८ च्या जानेवारींत सेशन कोर्टानें बहुमतानें निकाल दिला कीं, जमेकाचा गुलामगिरीचा कायदा अन्यायमूलक असून या देशांत त्याची अंमलबजावणी होऊं शकत नाहीं. केम्स यांचें मत त्या बहुमतांत होतें. ग्रंथकर्ता चुकला तेथें न्यायाधीश चुकला नाहीं, हें नाइटचें भाग्य!

घरांत मात्र समन्यायाचा हा पुरस्कर्ता कठोर होता. कन्या जीन हिचा व्यभिचाराच्या कारणावरून १७७२ सालीं घटस्फोट झाला, तेव्हां पित्यानें तिची फ्रान्सांत रवानगी केली.

पत्नी अगाथा ड्रमंड यांजशीं विवाह १७४१ सालीं झाला होता. १७६६ सालीं अगाथाबाईंस ब्लेअर ड्रमंडची जहागीर वारशानें मिळाली. तींत शेंकडों एकर दलदल होती. वर कित्येक फूट कुजट मातीचा थर, खालीं कसदार चिकणमाती. पाटांतून पाणी खेळवून तो थर कापून कापून फोर्थ नदींत सोडावयाचा, ही युक्ति केम्स यांनीं सत्तरीच्या घरांत काढली. डोंगराळ मुलखांतील गरीब गेलिकभाषी कुटुंबांस दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानें तुकडे दिले आणि आरंभींचीं वर्षें सारा माफ केला. निधनापूर्वीं थोडेच दिवस ते कोर्टांत बसत होते. २७ डिसेंबर १७८२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. दलदल तेव्हां बहुतेक तशीच होती. चिरंजीव जॉर्ज यांनीं मोठें पाणचक्र बसवून तें काम पुढें चालविलें.