मधमाश्यांमध्ये रमलेले पाळक : रेव्ह. लँगस्ट्रॉथ

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून रायपुरात मराठी घरे आहेत, आणि त्या घरांतील आजीबाईच्या बटव्यात मधाला मानाचे स्थान असे. खोकल्यावर तुळशीचा किंवा आल्याचा रस मधातून द्यावयाचा. वैद्याची मात्रा उगाळावयाची तीही मधातच. (तान्ह्या बाळास मध चाटविण्याची रीत मात्र सोडलेली बरी, वर्षाच्या आतील मुलास तो अपायकारक ठरू शकतो, असे डॉक्टर सांगतात.) मेणाचा उपयोगही तितकाच जुना. बस्तरातील घडवे ढोकरा मूर्ती ओतताना मातीच्या गाभ्यावर मेणाचे तंतू गुंडाळतात आणि मेण वितळून झालेल्या पोकळीत पितळ ओततात. आपल्या वेदीवरील मेणबत्त्याही पूर्वी याच मेणाच्या असत.

रानातील हा मध बराचसा आग्यामोहोळाचा. धूर करून माश्या हाकलावयाच्या, पोळे कापावयाचे आणि हातांनी पिळावयाचे, ही जुनी पद्धत. त्यात अंडी, अळ्या, पराग सारेच मधाबरोबर पिळले जाई आणि वसाहत उजाड होई. युरोप-अमेरिकेतही याहून दयाळू रीत नव्हती. तेथे गवताच्या टोपलीत माश्या पाळीत आणि मध काढतेवेळी गंधकाच्या धुराने त्यांना मारून टाकीत. ही हत्या अनावश्यक ठरविणारा मनुष्य एक पाळक होता.

लॉरेन्झो लोरेन लँगस्ट्रॉथ यांचा जन्म 1810 च्या नाताळदिनी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे झाला. येल येथे शिक्षण घेऊन 1836 साली ते मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथील मंडळीचे पाळक झाले. 1838 साली एका मित्राच्या दिवाणखान्यात काचेच्या गोलात ठेवलेले मधाने भरलेले पोळे त्यांनी पाहिले, आणि घरी परतताना माश्यांच्या दोन वसाहती विकत घेतल्या.

त्यांच्या प्रकृतीला एक असाध्य दुखणे होते. खोल औदासीन्याचे झटके त्यांना येत आणि ते महिनोन् महिने टिकत. त्या काळात प्रवचन तर सोडाच, माणसांत बसणेही त्यांना जमत नसे. मधमाश्यांचा विषयदेखील नकोसा होई. या दुखण्यापायी पाळकीय सेवा त्यांना वारंवार सोडावी लागली. श्रद्धावंताला निराशा शिवत नाही असे मानणाऱ्यांनी हे चरित्र अवश्य ध्यानात घ्यावे.

बरे वाटले की ते पुन्हा पेटीपाशी येत. अडचण अशी होती की माश्या पोळे भिंतीला चिकटवून टाकीत. फट लहान राहिली तर ती प्रोपोलिसने, म्हणजे झाडांच्या चिकापासून केलेल्या राळेने, बुजवीत. मोठी राहिली तर तेथे नवे पोळे बांधीत. या दोहोंच्या मधली, सुमारे पाव ते तीन अष्टमांश इंचाची जागा मात्र त्या जाण्यायेण्यासाठी मोकळी ठेवतात. 30 ऑक्टोबर 1851 रोजी लँगस्ट्रॉथ यांना उमगले की चौकटीच्या चहूबाजूंना एवढीच जागा सोडली तर प्रत्येक चौकट माशी न मारता, पोळे न मोडता उचलता येईल. युरोपात झिअर्झोन हे कॅथलिक धर्मगुरूही त्याच दिशेने प्रयत्न करीत होते. पण सहज उचलता येणारी चौकट लँगस्ट्रॉथ यांचीच.

1852 साली त्यांना पेटंट मिळाले, 1853 साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पैसा मात्र मिळाला नाही. पुष्कळांनी पेटीची नक्कल केली. त्यांच्याशी झगडण्यात शक्ती व द्रव्य दोन्ही खर्ची पडली. 1858 साली ते ओहायोतील ऑक्सफर्ड येथे गेले आणि पुत्र जेम्स याच्यासह इटालियन जातीच्या राणीमाश्या वाढवून विकू लागले. पुढे पुत्र गेला. 1873 साली पत्नी ॲन याही गेल्या.

त्यांची चौकट मात्र जगभर पोहोचली. आपल्या सातेरी माशीचा आकार लहान म्हणून दक्षिण भारतात फादर न्यूटन या येशूसंघीय धर्मगुरूंनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात छोटी पेटी तयार केली आणि ग्रामस्थांना शिकविले. महाबळेश्वरचा जांभळाचा मध याच तत्त्वावरील पेट्यांतून येतो. आग्यामाशीने मात्र कोणाचीही पेटी मानली नाही. ती आजही उघड्यावरच, फांदीला किंवा कड्याला, एकच पोळे बांधते. त्यामुळे छत्तीसगडच्या रानात लँगस्ट्रॉथ यांची चौकट तिच्यापुढे निरुपयोगी आहे. तेथे पोळ्याचा केवळ मधाचा भाग कापून अळ्यांचा भाग राखणे, एवढेच करता येते.

अखेरची वर्षे लँगस्ट्रॉथ यांनी ओहायोतील डेटन येथे कन्येच्या घरी काढली. 6 ऑक्टोबर 1895, रविवार. वेन ॲव्हेन्यू प्रेस्बिटेरियन मंदिरात ते उपदेशाकरिता आले होते. अशक्तपणामुळे बसूनच बोलण्याची त्यांनी परवानगी घेतली, देवाच्या प्रीतीविषयी बोलण्यास आरंभ केला आणि तेथेच प्राण सोडला. डेटनच्या वुडलँड दफनभूमीत त्यांची कबर आहे.