रानचा मेवा आणि पंडिता रमाबाई

आपल्या बालाघाटाच्या डोंगरात दिवाळीच्या सुमारास सीताफळे पिकतात, थंडीत बांधावरच्या बोरी लाल होतात आणि उन्हाळा सरता सरता ओढ्याकाठच्या शिंदीचे घोस पिवळे पडतात. यांपैकी कशासही नांगर लागत नाही की पाणी देणारा गडी लागत नाही. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून त्याचा मान वाढला आहे. परंतु बोर आणि शिंदीचे फळ ही गुराखी पोरांची खाणी, असे म्हणून आपण ती पायाखाली जाऊ देतो. ही फळे ज्यांनी भुकेल्या पोटी खाल्ली, त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

रमाबाईंचा जन्मच रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविण्याचे मनावर घेतले. स्त्रीस ही विद्या देणे त्या काळी लोकांस रुचले नाही. तेव्हा शास्त्रीबुवा सह्याद्रीतील गंगामूळ नामक अरण्यात जाऊन राहिले. तुंगा, भद्रा व नेत्रावती या तीन नद्या तेथेच उगम पावतात. पहिल्या रात्री अंगावर छप्पर नव्हते व दरीपलीकडे वाघ डरकाळ्या फोडीत होता, असे सांगतात. याच ठिकाणी २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. त्या सहा महिन्यांच्या झाल्या नाहीत तोच कुटुंबास घर सोडावे लागले. बाळास वेताच्या पेटाऱ्यात निजवून, तो पेटारा गड्याच्या डोक्यावर देऊन, मंडळी तीर्थयात्रेस निघाली.

पुढे सगळे बालपण वाटेवरच गेले. लक्ष्मीबाईंस दिवसा सवड कोठली? म्हणून त्या मुलीस पहाटे हळूच उठवीत, आणि झाडांवर पाखरे किलबिलू लागली की आईच्या तोंडून संथा सुरू होई. पुस्तक नाही, पाटी नाही. रमाबाईंची शाळा ती हीच.

मद्रास इलाख्यातील मोठा दुष्काळ १८७६-७७ साली कळसास पोहोचला, पण त्याचे पाऊल त्याआधी तीन वर्षे पडले होते. पुराण सांगून पोट भरणाऱ्या कुटुंबास दक्षिणा देणार कोण? भांडीकुंडी विकली गेली, शेवटचा दाणा संपला, आणि मरावयाचे तर लोकांच्या नजरेआड मरावे, असे ठरवून सर्वजण तिरुपतीजवळच्या रानात शिरले. तेथे अकरा दिवस व अकरा रात्री पाणी, झाडांचा पाला आणि मूठभर रानखजूर, म्हणजे आपली शिंदीची फळे, एवढ्यावर काढल्या. त्या दुष्काळाच्या दिवसांत रानबोरांसारखी कठीण फळे सालीसकट व बियांसकट गिळण्याचाही प्रसंग आला.

येथे आम्हांस एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. त्या कुटुंबास हजारो श्लोक मुखोद्गत होते, पण अंगमेहनतीची सवय नव्हती, आणि मजुरी करणे हलके आहे, या जातीच्या अभिमानाने हात बांधले गेले होते. रमाबाईंनी हे पुढे स्वतःच लिहून ठेविले आहे. आमच्या मते रानाची विद्याही त्यांस नव्हती. तांदुळजा कोणता, कुर्डू कोणती, घोळ कोठे उगवते, हे आपल्या मंडळ्यांतील कोणतीही म्हातारी सांगेल. ती विद्या अडाण्याची म्हणून टाकून देऊ नये.

रानातून बाहेर आल्यावर थोड्याच दिवसांत शास्त्रीबुवा वारले. काही महिन्यांनी रायचुराजवळ आई गेली. रायचूर त्या काळी आपल्या बीडप्रमाणेच निजामाच्या राज्यात होते. आईसाठी सोळा वर्षांच्या मुलीने बाजरीच्या भाकरीचा एक तुकडा मागून आणिला, तो तिला गिळता आला नाही. मग बहीणही गेली. उरलेली दोघे भावंडे चार हजारांहून अधिक मैल पायी हिंडली. झेलम नदीच्या काठी थंडीने प्राण जाऊ लागला तेव्हा वाळूत दोन खड्डे करून, मानेपर्यंत वाळू ओढून, त्यांनी रात्र काढली.

पुढची हकीकत बहुतेकांस ठाऊक आहे. १८७८ साली कलकत्त्यास पंडिता व सरस्वती या पदव्या, मग विवाह व १८८२ साली वैधव्य, १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा, १८८९ साली मुंबईस शारदा सदन.

पुण्याजवळ केडगाव येथे बाईंनी शंभर एकर जमीन घेतली ती फळबागेसाठी. शाळेचा खर्च देणगीवरच न चालता झाडांच्या उत्पन्नावरही चालावा, असा त्यांचा बेत होता. केडगावचा मुलूख आपल्यासारखाच, घाटापलीकडे ढग रिकामे होऊन येतात असा. म्हणून विहिरी खणाव्या लागल्या. १८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला तेव्हा बाई स्वतः तेथे गेल्या व सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. उपासाने सुजलेले अंग आणि पाला चघळणारे तोंड कसे असते, हे त्यांस कोणी सांगावयास नको होते. १९०० सालच्या दुष्काळात मुक्तिसदनात दोन हजारांच्या जवळपास माणसे होती. विहिरींचे पाणी सायंकाळपर्यंत तळास जाई. रात्रभर झरे पाझरत, आणि उजाडल्यावर पुन्हा घागरी बुडत. पाणी मोजून वापरावे लागे, पण माणसे व जनावरे दोन्ही जगली.

१९२१ साली कन्या मनोरमा निवर्तली. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनीही केडगाव येथेच देह ठेविला. मूळ भाषांवरून सोप्या मराठीत त्यांनी केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यात छापून निघाले. ज्या प्रचारक बंधूंस कधी नगरवरून दौंड मार्गे पुण्यास जाण्याचा योग येईल, त्यांनी वाटेत केडगावास अवश्य उतरावे. स्टेशनापासून मुक्ती मिशन लांब नाही.