शूटिंगला गर्दी होते, लिहिणारा दिसत नाही! माणदेशच्या गदिमांची पडद्यामागची गोष्ट

महाबळेश्वर, पाचगणी, वाई भागात शूटिंगची गाडी आली की गावात लगेच कळतं. व्हॅनिटी व्हॅन दिसते, जनरेटरचा आवाज येतो, पोरं शाळा बुडवून घाटावर जाऊन बसतात. नट कोण, नटी कोण हे संध्याकाळपर्यंत सगळ्या एसटी स्टँडला पाठ होतं. पण ही गोष्ट लिहिली कुणी, असं विचारणारा माणूस सापडणं अवघड. ज्याच्या कागदावरून हा सगळा कारभार चालतो, तो बहुतेक वेळा तिथं नसतोच.

हा धंदा ज्यानं आयुष्यभर केला आणि त्यावरच घर चालवलं, असा माणूस आपल्याच भागातला होता. महाबळेश्वरातून खाली उतरून सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, म्हसवड करत दिघंची गाठली की आटपाडी तालुका लागतो. वर पावसाळ्यात धुक्यानं समोरचा माणूस दिसत नाही आणि इकडं ढग नुसते वरून निघून जातात. या तालुक्यातल्या शेटफळे गावी, आजोळी, १ ऑक्टोबर १९१९ रोजी गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म झाला. गाव माडगुळे. तेव्हा हा मुलूख औंध संस्थानात होता. संस्थान विलीन झाल्यावर तो दक्षिण साताऱ्यात आला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं.

गदिमा म्हटलं की लोकांना गीतरामायण आठवतं. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेली ती ५६ गाणी, सुधीर फडक्यांचा आवाज, रेडिओपुढं जमलेली घरं. त्यात वावगं काहीच नाही. पण त्या गाण्यांच्या सावलीत त्यांचं दुसरं काम झाकून गेलं. अण्णा पेशानं सिनेमाचे लेखक होते. कथा, पटकथा, संवाद, गीतं यातलं काही ना काही त्यांनी दीडशेच्या वर मराठी चित्रपटांसाठी लिहिलं. हिंदी चित्रपट वेगळेच.

वडील औंध संस्थानात कारकून. घरची परिस्थिती ओढगस्तीची. शिक्षण आटपाडी, कुंडल, औंध असं बदलीच्या गावांनी झालं. मॅट्रिकला गणितानं दगा दिला आणि शिक्षण तिथंच थांबलं. कीर्तन, भारूड, गोंधळ, जत्रेतला तमाशा हे मात्र लहानपणीच कानात भरलं होतं. पुढं संवाद लिहिताना हीच शिदोरी कामाला आली, असं मला वाटतं. कुठं थांबायचं, कुठं हशा घ्यायचा आणि कुठं डोळ्यांत पाणी आणायचं, हे कीर्तनकाराइतकं कुणाला कळत नाही.

पोटासाठी ते कोल्हापूर गाठतात ते नट व्हायला. मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्समध्ये ‘ब्रह्मचारी’ या १९३८ च्या चित्रपटात त्यांना किरकोळ काम मिळालं. नटाचं नशीब काही उघडलं नाही. मात्र तिथंच वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणून काम करायची संधी आली. खांडेकर मूळचे सांगलीचे, दृष्टी अधू, हंससाठी चित्रपटकथा लिहायचे. ते सांगत जायचे आणि हा पोरगा उतरवून घ्यायचा. आज पटकथा शिकवायला संस्था आहेत, फी आहेत. गदिमांची शाळा ही. दुसऱ्याचं वाक्य स्वतःच्या हातानं लिहिताना ते कुठून उचललंय आणि कुठं टेकवलंय, हे आपोआप कळत जातं.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, कारण पाट्या वाचताना आपण तिकडं लक्ष देत नाही. कथा म्हणजे काय घडलं ते. पटकथा म्हणजे ते कोणत्या क्रमानं, कोणत्या प्रसंगांतून डोळ्यांना दिसेल ते. संवाद म्हणजे पात्रांच्या तोंडची भाषा. गीतं त्याहून वेगळी. मोठ्या कंपन्यांत ही कामं चार जणांत वाटलेली असत. गदिमांकडं निर्माता आला की चारही एका हातात मिळत. मराठी निर्मात्याचा खिसा तेव्हाही फार खोल नव्हता, त्यामुळं असा लेखक त्याला परवडायचाही.

१९४२ च्या ‘पहिला पाळणा’पासून त्यांची गाणी पडद्यावर आली. पण खरं नाव झालं ते १९४७ मध्ये राजकमलच्या ‘रामजोशी’मुळं. पेशवाईच्या शेवटच्या काळातला सोलापूरचा ब्राह्मण घरातला शाहीर, डफाच्या नादानं तमाशात गेलेला. कथा, पटकथा, संवाद गदिमांचेच. रामजोशींच्या मूळ रचनांच्या शेजारी त्यांनी स्वतःच्या रचना बसवल्या आणि शिवण दिसू दिली नाही. जत्रेत तमाशा ऐकलेला माणूस होता, म्हणूनच हे जमलं.

त्यानंतर राजा परांजपे, गदिमा आणि सुधीर फडके हे त्रिकूट जमलं. ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘ऊन पाऊस’, ‘जगाच्या पाठीवर’. ‘लाखाची गोष्ट’चा पाया एका ओळीचा: महिन्याभरात लाख रुपये उडवून दाखव. १९५२ साली लाख म्हणजे केवढे, याचा विचार करा! ‘ऊन पाऊस’ १९५४ चा. निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको, मुलांनी वाटून घेतलेले आईबाप. म्हाताऱ्यांची ही ताटातूट पुढं वेगवेगळ्या भाषांतल्या पडद्यावर कितीदा तरी आली. आपण ती बघून रडतो आणि नवीन समजतो.

पण आटपाडीकरांनी खरं तर ज्याचा अभिमान धरावा, तो चित्रपट हिंदी आहे. ‘दो आँखें बारह हाथ’, १९५७. दिग्दर्शक व्ही. शांताराम, प्रमुख भूमिकाही त्यांचीच, आणि लेखक ग. दि. माडगूळकर.

गोष्टीचं बी आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचं. १९३९ च्या सुमारास औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या पाठिंब्यानं, मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या गांधीवादी अभियंत्याच्या पुढाकारानं तिथं कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. भिंत नाही, साखळी नाही, खुनाच्या गुन्ह्यातला माणूस माळावर शेती करतोय. राजांचे चिरंजीव अप्पासाहेब पंतही या कामात होते. त्या काळात हे ऐकून लोकांनी कपाळाला हात लावला असेल.

आता यातलं लेखकाचं काम बघा. प्रयोग म्हणजे गोष्ट नव्हे. वसाहत चांगली चालली, कैदी सुधारले, एवढ्यावर तर सरकारी अहवाल होतो. गदिमांनी कैदी सहा केले, म्हणजे हात बारा, आणि त्यांच्यावर राखण फक्त जेलरच्या दोन डोळ्यांची. चित्रपटाच्या नावातच सगळी पटकथा आली. पळून जायची वाट मोकळी ठेवली, त्यामुळं प्रत्येक प्रसंगाला धाकधूक आली. पिकवलेली भाजी बाजारात स्वस्त विकली, म्हणून व्यापारी खवळले आणि विरोधक बाजारातूनच मिळाला. शेवटी बैलाच्या झुंजीत जेलर जातो आणि पहारेकरी उरत नाही, तरी कैदी राहतात. नापीक माळावर पहिला कोंब दिसतो, त्या प्रसंगाची किंमत दुष्काळी गावच्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही.

राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळालं. नाव शांतारामांचं झालं आणि ते रास्तच होतं, बैलाशी झुंजताना त्यांच्या डोळ्याला मोठी इजा झाली होती. तरी माडगुळ्याचं नाव त्या पाटीवर होतं, हे आपल्याकडंही फार जणांना ठाऊक नाही. १९५९ च्या ‘नवरंग’चं लेखनही त्यांचंच.

मान मिळाला नाही असं नाही. १९६९ मध्ये पद्मश्री, १९७३ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, विधान परिषदेची आमदारकी. पुण्यात वाकडेवाडीला ‘पंचवटी’ बंगला झाला. तरी गाव सुटलं नाही. माडगुळ्याच्या शेतातल्या ‘बामणाचा पत्रा’ या खोपट्यात येऊन ते लिहीत बसायचे. धाकटे भाऊ व्यंकटेश, म्हणजे ‘बनगरवाडी’वाले तात्या, तेही पटकथा लिहीत. दुष्काळी गावातल्या एका कारकुनाच्या घरातून दोन पटकथाकार निघाले.

गाडगेबाबांवरचा ‘देवकीनंदन गोपाला’ १९७७ मध्ये आला. त्याच वर्षी १४ डिसेंबरला पुण्यात अण्णा गेले. वय ५८.

स्वतंत्रपूरची वसाहत आटपाडीजवळ अजून आहे. कैदी तिथं बायकापोरांसह राहतात आणि शेती करतात.