हरिभाऊंचा ‘मी’

कादंबरी वाचताना आपले लक्ष कथानकाकडे व पात्रांकडे असते. ही कथा सांगतो कोण, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. परंतु ‘मी’, ‘तो’, ‘ती’ या लहानशा सर्वनामांवर कादंबरीचे सारे रूप अवलंबून असते. मराठीत ही गोष्ट प्रथम ज्यांच्या लेखनातून खऱ्या अर्थाने प्रत्ययास आली, ते हरि नारायण आपटे. त्यांच्या चरित्राकडे या एकाच बाजूने पाहण्याचा हा माझा अल्पसा प्रयत्न आहे.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. आई लहानपणीच गेली. काही वर्षे मुंबईत काढून १८७८ साली ते पुण्यास आले आणि न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांना चिपळूणकर, टिळक, आगरकर असे शिक्षक लाभले. विद्यार्थिदशेतच त्यांनी आगरकरांच्या ‘विकारविलसित’ या ‘हॅम्लेट’च्या भाषांतरावर विस्तृत टीका लिहिली. गुरूच्या ग्रंथावर टीका करण्याचे हे धैर्य आम्हां विद्यार्थ्यांना आज विशेष वाटावे असे आहे. पुढे ते डेक्कन कॉलेजात गेले. पण गणिताने दगा दिला आणि पदवी हातची गेली ती गेलीच. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली होती. तिची व्यवस्था हरिभाऊंनी अखेरपर्यंत सांभाळली. संस्कृत ग्रंथांच्या प्रकाशनाचे काम करणाऱ्या त्या वास्तूत बसून त्यांनी मराठी कादंबरी घडविली.

त्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ साली प्रसिद्ध होऊ लागली. तिला रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाचा आधार होता. १८९० साली हरिभाऊंनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. ही यमूची आत्मकथा. येथे हरिभाऊ स्वतः बाजूला झाले आणि यमू ‘मी’ म्हणून बोलू लागली.

हे किती अवघड होते, हे समजण्यासाठी मराठीचे व्याकरण लक्षात घेतले पाहिजे. इंग्रजीत प्रथमपुरुषी क्रियापदावरून बोलणारा पुरुष की स्त्री हे कळत नाही. मराठीत ते लपत नाही. पुरुष ‘मी गेलो’ म्हणतो, स्त्री ‘मी गेले’ म्हणते. ‘मी पत्र लिहिले’ अशा वाक्यात तेवढा आडोसा मिळतो, कारण तेथे क्रियापद कर्माप्रमाणे चालते. पण पुढच्याच वाक्यात ‘मी उठले’ आले की बोलणारी कोण ते उघड होते. म्हणजे हरिभाऊंना यमूचे मन तर धरायचे होतेच, शिवाय प्रत्येक पानावर, जवळजवळ प्रत्येक वाक्यात स्त्री होऊन बोलायचे होते. सोंग जरा ढिले पडले असते तर वाचकाला ते तत्काळ कळले असते. ते पडले नाही, यात त्यांचे खरे यश आहे असे मला वाटते.

दुसरी गोष्ट नवऱ्याच्या उल्लेखाची. त्या काळी पत्नी पतीचे नाव घेत नसे, ‘तो’ म्हणणे तर दूरच. ‘इकडून’, ‘तिकडून’, ‘स्वारी’ अशा शब्दांनी ती वेळ निभावून नेई. जेथे सर्वनाम हवे तेथे दिशा येई! यमूच्या निवेदनात ही रीत आहे. तिचा रघुनाथरावांवरील जीव आणि तिच्यावरील बंधने ही दोन्ही या एका शब्दयोजनेतून आपल्याला एकाच वेळी जाणवतात.

यमूचा ‘मी’ एकच असला तरी त्यात दोन व्यक्ती आहेत. एक, जिच्यावर प्रसंग गुदरत आहेत ती अजाण मुलगी. दुसरी, सारे भोगून झाल्यावर ते लिहिणारी स्त्री. मुलीला जे उमगत नाही ते लिहिणारीला ठाऊक असते आणि वाचकालाही हळूहळू कळू लागते. शिवाय यमूला दिसेल, ऐकू येईल तेवढेच आपल्याला कळते. पुरुषमंडळींचे बेत तिच्यापर्यंत उशिरा पोहोचतात आणि आपल्यापर्यंतही. वैधव्यानंतर तिचे केशवपन होते, त्या वेळी आपल्याला दूर उभे राहून हळहळण्याची सोय उरत नाही. ज्या समाजात विधवेविषयी सगळे बोलत, पण ती स्वतः बोलत नसे, त्या समाजात हरिभाऊंनी तिला ‘मी’ म्हणू दिले. ही कादंबरी चालू असतानाच, १८९१ साली, संमतिवयाच्या कायद्यावरून पुण्यात रण माजले होते. सभांतून आणि वृत्तपत्रांतून मुलींविषयी वाद झडत होता. ‘करमणुकी’त एक मुलगी स्वतःची हकिकत सांगत होती.

येथे एक शंका घेता येईल. स्त्रीच्या वतीने पुरुषाने ‘मी’ म्हणावे काय? शंका रास्त आहे. परंतु रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली आल्या, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ त्याहूनही पुढे. खऱ्या स्त्रियांचा ‘मी’ छापून येऊन घरोघर वाचला जाण्यापूर्वी हरिभाऊंनी त्यासाठी मराठी वाचकाचा कान तयार केला, एवढे श्रेय त्यांना द्यावेच लागेल.

यानंतर १८९३ ते १८९५ या काळात त्यांनी ज्या कादंबरीला नावच ‘मी’ दिले, ती भावानंदाची आत्मकथा आहे. लोकसेवेला वाहून घेतलेला हा पुरुष ‘मी’ म्हणतो, तो मीपणा टाकण्यासाठी. नाव तेच, सर्वनाम तेच, पण यमूला जे मिळवायचे आहे ते भावानंदाला सोडायचे आहे.

‘उषःकाल’, ‘गड आला पण सिंह गेला’, ‘वज्राघात’ या ऐतिहासिक कादंबऱ्यांत मात्र हरिभाऊ तृतीयपुरुषाकडे वळतात. दोन्ही पक्षांच्या गोटांत शिरायचे, किल्ल्यावरचे आणि दरबारातले दोन्ही दाखवायचे, तर एकाच्या डोळ्यांनी पाहून भागत नाही. विषयाप्रमाणे सर्वनाम निवडावे, ही जाण त्यांच्यापाशी होती.

१९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. ‘करमणूक’ त्यांनी १९१७ पर्यंत चालविली. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा पंचावन्न वर्षे पूर्ण व्हायला पाच दिवस उरले होते.

परीक्षेसाठी आपण हरिभाऊंना वास्तववादी कादंबरीचे जनक म्हणून पाठ करतो. माझ्या सहाध्यायांना माझी एवढीच विनंती आहे की यमूच्या कथेतील कोणतेही एक पान घ्यावे आणि त्यातील ‘मी’च्या जागी ‘ती’ घालून वाचून पाहावे. काय हरवते ते आपोआप कळेल.