दख्खनच्या माशांची मोजदाद करणारा कर्नल

पेशवाईचा शेवट करणाऱ्या लढायांत भाग घेतलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने पुढे मुळा-मुठेच्या माशांना जगाच्या प्राणिशास्त्रात स्थान मिळवून दिले, हे पुणेकरांपैकीही फारच थोड्यांना ठाऊक असते. पक्षिनिरीक्षक कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांना ओळखतात, कारण एका चंडोलाला त्यांचे नाव आहे. महाराष्ट्राच्या नद्यांवर त्यांचे ऋण मात्र अधिक मोठे आहे.

साइक्स यांचा जन्म १७९० मध्ये इंग्लंडमधील यॉर्कशायर येथे झाला. कोवळ्या वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाले. १८०५ मध्ये भरतपूरच्या वेढ्यात आणि १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत ते होते. त्यानंतर काही वर्षे त्यांनी युरोपात प्रवास केला. १८२४ मध्ये ते परतले, तेव्हा मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना स्टॅटिस्टिकल रिपोर्टर नेमले. नव्याने ताब्यात आलेल्या मुलखाची लोकसंख्या, जमीन, पिके आणि हवामान यांची माहिती गोळा करणे हे त्यांचे काम. राज्यकर्त्यांना त्यात रस होता तो अर्थातच महसुलासाठी.

या फिरतीत साइक्स यांनी पक्षी, सस्तन प्राणी आणि मासे यांचीही नोंद ठेवली. सरकारने ती मागितली नव्हती. १८२९ च्या अखेरीस त्यांचे पदच रद्द झाले. तरीही सैनिकी कामातून रजा घेऊन त्यांनी अहवाल पुरा केला आणि १८३१ मध्ये ते मायदेशी गेले.

माशांवरील त्यांचा निबंध १८३८ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे वाचला गेला आणि सचित्र स्वरूपात १८४१ मध्ये छापून आला. भीमा, घोड, मुळा-मुठा या नद्यांतील चाळीसहून अधिक जातींची वर्णने त्यात आहेत. आज विशेष मोलाच्या ठरतात त्या दोन गोष्टी. मासा कोणत्या नदीत, कोणत्या गावाजवळ मिळाला हे साइक्स यांनी लिहून ठेवले. महसीर पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत, दुसरा एक मोठा मासा शिरूरजवळ घोड नदीत, तर आणखी एक पेडगावला भीमेत, अशा या नोंदी आहेत. शिवाय स्थानिक लोक वापरत ती मराठी नावे त्यांनी कानाला ऐकू आली तशी लॅटिन नावांत घातली. खुद्री, मसुल्ला, कोलस, पोटेल, फुलंगी, बोगट ही नावे आजही जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत आढळतात.

त्यावेळी या नद्यांवर मोठी धरणे नव्हती. खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पुरे झाले, उजनीचे त्यानंतर शतकाने. म्हणजे अडवल्या जाण्यापूर्वीच्या भीमा खोऱ्याचे चित्र साइक्स यांच्या निबंधात टिकून राहिले. २००३ मध्ये पुण्याच्या संशोधकांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात परिसरातील माशांच्या जुन्या याद्या आणि प्रत्यक्ष मिळणारे मासे यांची तुलना मांडली, तेव्हा पूर्वी नोंदलेल्या काही जाती सापडत नव्हत्या. नदीत आधी काय होते हे ठाऊक असल्याखेरीज काय गेले ते सांगता येत नाही.

या कामात एक उणीव मात्र राहिली, आणि ती महागात पडली. वर्णन केलेल्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. घोड नदीतला 'मसुल्ला' नेमका कोणता, यावर शास्त्रज्ञांचा दीर्घकाळ वाद चालला. कावेरीतील पाठीला उंचवटा असलेल्या प्रचंड महसीरलाही काही काळ हेच नाव दिले जात होते. दरम्यान, लोणावळ्याच्या केंद्रात पैदास केलेली खुद्री महसीरची पिल्ले कावेरीत सोडण्यात आली आणि तेथे तिची संख्या वाढत गेली. मूळच्या महसीरची संख्या घटत होती, पण तिची ओळखच पक्की नव्हती. २०१८ मध्ये तिचे शास्त्रीय नाव निश्चित झाले आणि त्याच वर्षी तिचा समावेश अतिसंकटग्रस्त जातींत करावा लागला. पुण्याचा मासा कावेरीत उपरा ठरला! दोष माशाचा नव्हे, नदीनिहाय नोंदींकडे दुर्लक्ष करून बीज सोडणाऱ्यांचा.

पश्चिम घाटातील गोड्या पाण्याच्या जीवसृष्टीचे खोरेनिहाय मूल्यमापन आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०११ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात २९० जातींच्या माशांसह एकूण १,१४६ जातींचा विचार झाला आणि सुमारे १६ टक्के जाती धोक्यात असल्याचे आढळले. प्रत्येक जातीचा आढळ उपखोऱ्यांच्या नकाशावर दाखवला गेला. कुठल्या प्रवाहाला आधी संरक्षण द्यायचे, हे अशा नकाशांवरून ठरवता येते. कृष्णा-भीमेच्या बाबतीत या साखळीचा आरंभीचा दुवा साइक्स यांच्या नोंदींचा आहे.

साइक्स १८५६ मध्ये कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले, १८५७ मध्ये ॲबरडीनमधून संसदेत गेले. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांत ते होते, १८६३ मध्ये तिचे अध्यक्षही झाले. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा खडकवासल्याच्या धरणाचे काम चालू होते.