वादळाची चाहूल घेणारा धर्मगुरू : फादर युजीन लाफों

कलकत्ता शहर समुद्रापासून दूर आहे, पण समुद्राच्या कोपापासून दूर नाही. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी बंगालच्या उपसागरातून आलेल्या चक्रीवादळाने याचा दारुण प्रत्यय दिला. वाऱ्याने ढकललेली समुद्राची लाट हुगळी नदीत शिरली, दोन्ही काठांवरची गावे तिने गिळली, बंदरातील जहाजे नांगर तोडून एकमेकांवर आदळली. पन्नास हजारांच्या आसपास माणसे प्राणास मुकली. या आपत्तीनंतर वर्षभराने, डिसेंबर १८६५ मध्ये, अठ्ठावीस वर्षांचा एक बेल्जियन येशूसंघीय त्या शहरात उतरला. त्याचे नाव युजीन लाफों.

लाफों यांचा जन्म २६ मार्च १८३७ रोजी बेल्जियममधील मोन्स या गावी झाला. वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी येशू संघात प्रवेश केला. तत्त्वज्ञानाबरोबर निसर्गविज्ञानाचेही अध्ययन त्यांनी केले. कलकत्त्याचे सेंट झेवियर्स कॉलेज तेव्हा अवघे पाच वर्षांचे होते. तेथे विज्ञान शिकवण्याचे काम लाफोंकडे आले. केवळ पाठांतराने विज्ञान येत नाही, ते हाताने करून व डोळ्यांनी पाहून शिकावे लागते, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांनी कॉलेजात प्रयोगशाळा उभारली. भारतातील महाविद्यालयीन शिक्षणात ही त्या काळी नवलाईची गोष्ट होती.

याच सुमारास एका तात्पुरत्या वेधशाळेत ते हवामानाच्या रोजच्या नोंदी घेऊ लागले. त्यातील मुख्य साधन म्हणजे वायुभारमापक. आपल्या डोक्यावरील हवेचे वजन काचनळीतील पाऱ्याचा स्तंभ तोलून धरते. समुद्रसपाटीला त्याची उंची साधारण शहात्तर सेंटिमीटर असते. उष्ण कटिबंधात हा पारा रोज ठरावीक रीतीने चढतो व उतरतो : सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारच्या सुमारास खाली, रात्री पुन्हा वर आणि पहाटे पुन्हा खाली. त्यामुळे पारा उतरला एवढ्यावरून वादळ येत आहे असे म्हणता येत नाही. रोजची ही भरती-ओहोटी ज्याला तोंडपाठ आहे, त्यालाच वेगळे काही घडत आहे हे कळते. महिनोन् महिने एकच कंटाळवाणी नोंद चिकाटीने घेणाऱ्याला एखाद्या दिवशी ती नोंद बोलू लागते.

लाफोंच्या बाबतीत तो दिवस नोव्हेंबर १८६७ मध्ये आला. पारा नेहमीच्या मर्यादेखाली झपाट्याने उतरू लागला. उबदार समुद्रावरची दमट हवा वर चढते, तिच्यातील बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते, त्यामुळे खालचा भार आणखी घटतो, चहूकडची हवा त्या पोकळीकडे धावते आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती गोल गरगरू लागते. अशा वादळाचे केंद्र जवळ येऊ लागले की पारा घसरतो. तरुण धर्मगुरूने हे ओळखले आणि वेळ न दवडता शासकीय अधिकाऱ्यांना सावध केले.

हे वाटते तितके सोपे नव्हते. अंदाज चुकला असता तर नवख्या परदेशी पाद्र्याचे हसे झाले असते, आणि त्याबरोबर कॉलेजच्या नव्या प्रयोगशाळेचेही. गप्प बसणे सुरक्षित होते. परंतु आपल्याला जे ठाऊक आहे ते दडवून ठेवणे, हे ज्यांच्या जिवावर बेतणार होते त्यांच्याशी प्रतारणा करण्यासारखे झाले असते. अधिकाऱ्यांनी इशारा मानला, उपाययोजना झाली आणि वादळ आले तेव्हा अनेकांचे प्राण वाचले.

त्याच वादळाने मातला नदीवरील पोर्ट कॅनिंग हे नवे बंदर मात्र उद्ध्वस्त केले. तेथे बंदर बांधू नये, चक्रीवादळाची लाट ते बुडवील, असे हेन्री पिडिंग्टन यांनी १८५३ मध्येच कळवले होते. इंग्रजीत ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ करणारे पिडिंग्टन कलकत्त्याचेच. त्यांचे कोणी ऐकले नाही, आणि १८५८ मध्ये ते निवर्तले. एका वादळाने एकाच वेळी दोन धडे दिले : ऐकलेल्या इशाऱ्याचे फळ आणि न ऐकलेल्या इशाऱ्याची किंमत.

या घटनेने लाफोंचे नाव शहरभर झाले. ‘इंडो-युरोपियन करस्पाँडन्स’ या साप्ताहिकासाठी हवामानाच्या नोंदी देण्याचे काम त्यांच्याकडे आले. ९ डिसेंबर १८७४ रोजी शुक्र ग्रह सूर्यबिंबावरून सरकला. तेव्हा इटालियन खगोलशास्त्रज्ञ ताक्किनी यांच्या पथकात लाफों सामील झाले. पुढे वर्गण्या जमवून त्यांनी कॉलेजात सौर वेधशाळा उभी केली. त्यांची सचित्र, सप्रयोग व्याख्याने ऐकण्यास सामान्य नागरिकही गर्दी करीत.

डॉ. महेंद्रलाल सरकार यांना भारतीयांसाठी विज्ञानसंस्था हवी होती. केवळ कारागिरी शिकवणारी शाळा पुरे, असे अनेकांचे मत होते. लाफोंनी सरकारांची बाजू उचलून धरली आणि १८७६ मध्ये ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ स्थापन झाली. याच संस्थेत पुढे सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये आपला जगप्रसिद्ध शोध लावला. जगदीशचंद्र बोस तर लाफोंचे प्रत्यक्ष विद्यार्थी. बोस यांच्या बिनतारी लहरींवरील कार्याचे श्रेय त्यांनाच मिळावे म्हणून गुरूने जाहीरपणे शब्द टाकला.

१० मे १९०८ रोजी दार्जिलिंग येथे फादर लाफों ख्रिस्तवासी झाले. त्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेटची सन्माननीय पदवी दिली होती.

हवानाचे फादर व्हिन्येस, मनिलाचे फादर फाउरा असे त्यांचे येशूसंघीय बंधू त्याच काळात इतर किनाऱ्यांवर वादळांचा मागोवा घेत होते. आज ते काम उपग्रह व संगणक करतात. मे २०२० मध्ये ‘अम्फान’ बंगालवर आले, तेव्हा लाखो लोकांना आधीच सुरक्षित जागी हलवता आले. साधने बदलली, पण कर्तव्य बदललेले नाही. कोणीतरी रोज निष्ठेने पाहावे लागते, पाहिलेले निर्भयपणे सांगावे लागते आणि सांगितलेले इतरांनी ऐकावे लागते. वाचकहो, वारा आपल्या आज्ञेत नाही. पण येणाऱ्या वाऱ्याची वार्ता शेजाऱ्याला वेळेवर देणे आपल्या हाती आहे. लाफोंच्या लेखी तीही धर्मसेवाच होती.